गप्प गल्लीतली हाक

बारावीचं पोर ज्या घरात असतं त्या घरात माणसं बोलत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. टीव्हीवर कापड पडतं, फोन मुका होतो, पाहुण्यांना "जूननंतर या" असं कळवलं जातं. आमच्या शालिंग या तालुक्याच्या गावात तर हायस्कूलसमोरची अख्खी गल्लीच अशी आहे. डोंगरातल्या गावांमधून आलेल्या आया तिथे एकेक खोली भाड्याने घेतात, पोराला वर्षभर गरम गरम खाऊ घालतात आणि वर्षभर गप्प बसतात. गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे, 'पुढे परीक्षार्थी राहतात, आवाज करू नये.' भाजीवालासुद्धा इथे आला की कर्णा बंद करतो आणि बोटं दाखवून भाव सांगतो.

या गल्लीत मेइजुआन राहायला आली. बाई मुळात आवाजाची. गावात ती या टेकडीवरून हाक मारायची आणि त्या टेकडीवरची म्हैस मान वर करायची, असं तिचा दीर चेष्टेने म्हणत असे. कोंबड्यांशी भांडायची, चहाची पानं खुडताना गाणी म्हणायची, प्लॅस्टिकच्या चपला फटाक फटाक वाजवत अंगणभर फिरायची. नवरा लांब फोशान शहरात, फरशीच्या कारखान्यात. एकुलती एक मुलगी माइ रुओलिन, तिला घरात आलिन म्हणतात. आलिन बारावीत गेली तशी मेइजुआनने मळ्यातलं काम सोडलं आणि शाळेसमोर खोली घेतली. पहिल्याच दिवशी शेजारची युएशानची आई कापडी तळव्याच्या चपला घेऊन दारात उभी. "या घाल," म्हणाली, "तुझ्या त्या चपलांनी आमच्या पोरांची गणितं चुकतील." मेइजुआन हसली आणि तिने चपला बदलल्या. महिन्याभरात तिचा आवाजही बदलला.

आता परीक्षेचं सांगतो. आमच्या प्रांतात इंग्रजीची तोंडी परीक्षा जूनमधल्या मुख्य परीक्षेच्या आधी, वसंतातच उरकते, आणि ती घेतं मशीन. संगणकांची मोठी खोली असते, पोरं कानाला हेडफोन लावून रांगेने बसतात आणि सगळी एकदम बोलू लागतात. शेजारच्याचा आवाज आपल्या माइकमध्ये जाऊ नये म्हणून जो तो आणखी मोठ्याने बोलतो. बाहेरून ऐकलं तर मासळीबाजार वाटावा. त्या खोलीत सगळे बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही. ऐकतं ते मशीन, आणि ते मार्क देतं.

इंग्रजीचे फान सर मुलांना एकच गोष्ट घोटून घोटून सांगत. सुचलं नाही तरी बोला, चुकलात तरी बोला, काहीही बोला पण थांबू नका. मशीनला चुकलेलं एक वेळ चालतं, गप्प बसलेलं चालत नाही. पालकसभेत त्यांनी आयांनाही कामाला लावलं. रोज जेवताना पोरांना इंग्रजीत बोलू द्या, म्हणाले, कशावरही बोलू द्या, आणि ते रेकॉर्ड करून पालकांच्या फोनवरच्या गटावर टाका. दोन-दोन वर्ग सांभाळणारा माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांचं काही वाईट मनात होतं असं मी म्हणणार नाही.

तर संध्याकाळच्या सुट्टीत आलिन रस्ता ओलांडून खोलीवर यायची. आईने सूप तयार ठेवलेलं असायचं. कधी माशाच्या डोक्याचं, कधी कमळकंदाचं, आणि मधूनमधून डुकराच्या मेंदूचं, कारण मेंदूने मेंदू वाढतो यावर गल्लीतल्या सगळ्या आयांचं एकमत आहे. आलिन बसायची, खायची, मग फोन वाडग्याला टेकवून उभा करायची आणि इंग्रजी बोलू लागायची. न थांबता, न अडखळता, एका सुरात, कोऱ्या चेहऱ्याने. मेइजुआनला त्यातलं अवाक्षर कळत नसे. ती पदराला हात पुसावेत तसे कमरेच्या फडक्याला हात पुसत उभी राहायची आणि पोरीकडे बघून तिचा ऊर भरून यायचा. बोलणं संपलं की फोनवरच्या सरावाच्या अ‍ॅपमध्ये मार्कांचा आकडा उमटायचा, बहुतेक वेळा नव्वदीच्या पुढचा, आणि एक छोटीशी धून वाजायची. त्या खोलीत दिवसभरात तेवढाच काय तो आवाज.

मग ते रेकॉर्डिंग गटावर जायचं. बाकीच्या आया कौतुक करायच्या. "रुओलिनची आई, भाग्य काढलंत," कुणी लिहायची. युएशानची आई लिहायची की आमचं रत्न तोंड उघडतं ते फक्त जेवायला. आणि शेवटी फान सरांचा शाबासकीचा अंगठा यायचा. तो अंगठा मेइजुआन नवऱ्याला पाठवायची आणि नवरा फरशीच्या भट्टीजवळ उभा राहून तो सोबत्यांना दाखवायचा.

मायलेकींचं दुसरं बोलणं काय? जेवलीस का, झोप झाली का, पेपर कसा गेला. संपलं. आलिन कधी वेगळ्या विषयाला हात घालू लागली की मेइजुआन म्हणायची, परीक्षा होऊ दे, मग बोलू. हे आमच्या गल्लीचं ब्रीदवाक्यच आहे. गावाकडचा आवांग, आलिनने पिल्लू असताना घरात आणलेला कुत्रा, माघातल्या थंडीत मेला. तेही तिला सांगितलं नाही. बापाचा फोन आला तर तो आधी विचारायचा, अभ्यास करतेय का? मग राहू दे, देऊ नकोस. पोरीला त्रास होऊ नये म्हणून सगळे तिच्यापासून चार हात लांब उभे होते.

मेइजुआनच्या भाड्याच्या खोलीच्या मालकीण लुओ बाई. खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. जन्मभर दुसऱ्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, गल्लीत फटकळ म्हणून प्रसिद्ध. त्यांचा खोकलासुद्धा गल्लीतल्या आयांना खपत नसे आणि त्या मुद्दाम दोनदा जास्त खोकायच्या.

तोंडी परीक्षा दोन दिवसांवर आली होती. उष्णता कमी व्हावी म्हणून लुओ बाईंनी हिरव्या मुगाचं गोड पाणी केलं आणि संध्याकाळी एक वाडगा घेऊन त्या वर आल्या. दार उघडंच होतं. आत आलिन फोनसमोर बसून बोलत होती. मेइजुआनने तोंडावर बोट ठेवून बाईंना दारातच थांबवलं. बाई थांबल्या. पण त्या ऐकू लागल्या. आजवर त्या खोलीत कुणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. हातातला वाडगा तसाच राहिला. मग त्यांनी हळू आवाजात इंग्रजीत एक प्रश्न विचारला, अगदी छोटा.

आलिन थांबली. फोनवरचे सेकंद पुढे पळत होते आणि ती थांबली होती. तिने बाईंकडे पाहिलं. तोंड उघडलं, परत मिटलं. फोनने थोडी वाट पाहिली आणि पडेल सुरात वाजून हातात एकावन्न मार्क ठेवले. आलिनने दप्तर उचललं, बाईंच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडली आणि रात्रीच्या अभ्यासिकेसाठी शाळेकडे चालू लागली.

मेइजुआन भडकली. पण भडकणंही ती आता कुजबुजत शिकली होती.

"बाई, काय बोललात तिला? परवा परीक्षा आहे. लय तुटली ना पोरीची."

"मी विचारलं, कधीपासून."

"काय कधीपासून?"

लुओ बाईंनी वाडगा टेबलावर ठेवला. "ती म्हणत होती, जेवणाला चव लागत नाही. सकाळी जाग येऊच नये असं वाटतं. म्हणून विचारलं, कधीपासून."

मेइजुआन भाजी धुवायला वळली. भाजी आधीच धुतलेली होती. ती तिने पुन्हा नळाखाली धरली. म्हणाली, "धडा असेल. पुस्तकात असतात तसले धडे. माझं घर, माझी तब्येत. सरांनी सांगितलंय, काहीही बोला म्हणून."

"पुस्तकातल्या धड्यात आवांग नावाचा कुत्रा असतो का?"

नळ चालू राहिला. मेइजुआनचे हात पाण्यात तसेच होते आणि तिला पाणी गार आहे की कोमट तेही कळत नव्हतं. लुओ बाईंनी पुढे होऊन नळ बंद केला आणि तिला खुर्चीवर बसवलं. गटावर टाकलेली जुनी रेकॉर्डिंग्ज लाव, म्हणाल्या. मेइजुआनने एकेक लावलं आणि बाई एकेक वाक्य घरच्या बोलीत सांगू लागल्या. सांगताना त्यांनी कुठेही आवाज चढवला नाही की रडवेला केला नाही.

आज कमळकंदाचं सूप होतं. काल काय होतं आठवत नाही. वर्गात सगळे हसले तेव्हा मीही हसले, कारण सगळे हसले होते. मला वाटतं आवांग मेला. मी विचारलं तर आई म्हणाली परीक्षा होऊ दे. मला रडू आलं नाही, याची मला भीती वाटली. मग भीतीही गेली. आईच्या पायांचा आवाज येत नाही. आधी तिच्या चपला वाजायच्या, तेव्हा कळायचं घरात कुणीतरी आहे. आता ती मागे येऊन उभी राहते आणि मला कळतही नाही. आत्ता ती हसते आहे. तिला बरं वाटतंय. म्हणून मी बोलत राहते.

आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये, मंडळी, पोरीच्या त्या सपाट आवाजाच्या मागे दुसरा एक आवाज होता. दबका, आनंदलेला, आपल्याशीच पुटपुटणारा. "बघ, बघ कशी बोलते माझी पोर." तो मेइजुआनचाच आवाज होता. पोर 'मी बुडतेय' असं सांगत असताना आपण काठावर उभं राहून टाळ्या वाजवल्या, हे त्या बाईला स्वतःच्या कानांनी ऐकावं लागलं.

ती रडली नाही. मग म्हणाली ते ऐकून तुम्हाला राग येईल, पण तुमच्या-आमच्यापैकी दहातले नऊ जण हेच म्हणाले असते.

"बाई, परवा तर परीक्षा आहे. दोनच दिवस. आत्ता विषय काढला तर तिचं चित्त विस्कटेल. एकदा परवाचं होऊ दे, मग मी बोलते तिच्याशी."

"परवा झाल्यावर जूनची असेल," लुओ बाई म्हणाल्या. "मग जूनपर्यंत थांबशील. मग निकालापर्यंत. मग कॉलेज. मेइजुआन, मी आयुष्यभर हीच परीक्षा शिकवली. तिचा पहिला नियम काय ठाऊक आहे? आधी नीट ऐकायचं, मग उत्तर द्यायचं. पोरगी सगळा हिवाळा परीक्षा देत नव्हती, घेत होती. तुझी. शाळेची. त्या गटातल्या सगळ्यांची. आणि एकानेही पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही."

"पण सरांनी अंगठा दिला होता," मेइजुआन म्हणाली. तिलाच ते ऐकवेना.

"अंगठा द्यायला ऐकावं लागत नाही. मार्क द्यायला मशीन आहे. पण पोरीला आई एकच आहे, आणि तीही जर नुसता आकडाच बघत असेल तर पोरीने बोलायचं कुणाशी?"

मेइजुआन उठली. दार ओढून घेतलं. कापडी चपलांनी आवाज न करता जिना उतरली आणि रस्ता ओलांडून शाळेच्या फाटकाशी गेली. पहारेकऱ्याने सांगितलं, अभ्यासिका चालू आहे, पालकांना आत सोडत नाहीत. तिने हात जोडून विनवणी केली, तेव्हा त्याने फोन करून फान सरांना खाली बोलावलं. ते आले. फाटकाच्या गजांमधून तिने सगळं सांगितलं, कुजबुजत. सर ऐकता ऐकता घड्याळाकडे बघत होते. म्हणाले, रुओलिनची आई, घाबरू नका, प्रत्येक वर्गात अशी चार-दोन असतात, ताण असतो, परीक्षा झाली की आपोआप ठीक होतात. आत्ता तिला खाली बोलावलं तर बाकीच्यांचंही लक्ष उडेल. परवाचं होऊ द्या.

परवाचं होऊ द्या. थोड्या वेळापूर्वी हेच तिने स्वतः म्हटलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते किती थंड वाक्य आहे, हे तिला कळलं. तिने वर पाहिलं. इमारतीच्या सगळ्या खिडक्या उजळलेल्या, सगळ्या सारख्या, आणि एवढी पोरं आत असून कुठूनही हूं की चूं नाही. फाटकावर मोठ्या अक्षरांत 'शांतता' लिहिलेलं. मागे अख्खी गल्ली चिडीचूप.

मेइजुआनने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि या टेकडीवरून त्या टेकडीवर मारायची तशी हाक मारली.

"आलिन! ए आलिन! खाली ये! मी ऐकलं गं!"

काय सांगू! तो आवाज शाळेच्या भिंतीवर आपटला आणि गल्लीभर फिरून आला. पहारेकऱ्याच्या हातातला चहा सांडला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या, आया डोकावल्या, युएशानची आई तोंडावर बोट ठेवून खुणा करू लागली. शाळेच्या खिडक्यांमधून डोकी बाहेर आली, आधी दोन-चार, मग सगळ्याच मजल्यांवर. फान सर म्हणाले, अहो काय करताय, आणि मेइजुआनने दुसऱ्यांदा हाक मारली. पहिलीपेक्षा मोठी. गावाकडच्या बोलीत, गावाकडच्या सुरात, नाव लांबवून.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत आलिन दिसली. तिचा चेहरा इतक्या लांबून दिसत नव्हता. ती नुसती उभी होती. मग खिडकीतून नाहीशी झाली. फान सरांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पहारेकऱ्याला फाटक उघडायची खूण केली.

मायलेकी नदीकडे चालत गेल्या. वाटेत मेइजुआनने एक भाजलेलं रताळं घेतलं, दोघींत अर्धं अर्धं केलं. काठावरच्या दगडी पायऱ्यांवर बसल्या. आलिनने सवयीने तोंड उघडलं आणि इंग्रजीतच सुरू झाली. मेइजुआनने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मला नाही येत गं तुझं ते इंग्रजी. आपल्या बोलीत सांग. आणि अडलीस तर अड. मी बसलेय."

आलिन गप्प झाली. खूप वेळ गप्प. मशीन असतं तर केव्हाच मार्क कापून मोकळं झालं असतं. मेइजुआनच्या जिभेवर चार वेळा प्रश्न आला आणि चार वेळा तिने तो गिळला. रताळं हातातच गार झालं. पलीकडच्या तीरावर कुणी तरी जाळं ओढत होतं, त्याच्याकडे दोघी बघत राहिल्या.

"आवांग मेला ना?" शेवटी आलिनने विचारलं.

"मेला. थंडीत. तुझ्या काकाने फणसाखाली पुरला. मी सांगायला हवं होतं."

आलिनने मान हलवली. मग म्हणाली, "आपल्या बोलीत बोलले असते तर तू घाबरली असतीस, नाही तर म्हणाली असतीस परीक्षेनंतर. इंग्रजीत बोललं की तू हसायचीस. मला वाटलं, एकीला तरी बरं वाटू दे."

मेइजुआनने नुसतं ऐकलं. पोरगी तुटक तुटक बोलत राहिली, मध्ये थांबत, पुन्हा सुरू करत. वर्गात काचेच्या पलीकडून सगळं दिसतं असं वाटतं. पुस्तक वाचलं की अक्षरं दिसतात, आत काही जात नाही. जीव द्यायचा विचार नाही केला, पण जगायचाही केला नाही. मेइजुआनने गार झालेलं रताळं पायरीवर ठेवलं आणि ती पोरीजवळ सरकली.

"मघाशी मी ओरडले तेव्हा?" तिने विचारलं. "तेव्हा काय वाटलं?"

आलिनने विचार केला. "लाज वाटली," ती म्हणाली. "सगळ्या शाळेसमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं." आणि मग जरा थांबून, जणू तिलाच ते नवल वाटत होतं, "किती दिवसांनी काही तरी वाटलं."

तेव्हा मात्र मेइजुआन रडली. हसत हसत रडली, नाक ओढत, मोठ्याने, गावाकडे रडायची तशी. जाळंवाला वळून बघू लागला.

दुसऱ्या दिवशी लुओ बाई दोघींना तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आलिनशी एकटीशी बराच वेळ बोलून सांगितलं की हा आजार आहे, आळस नव्हे, नखरे नव्हेत, आणि यातून माणूस बरा होतो, पण त्याला वेळ लागतो आणि सोबत लागते. औषध दिलं, पुन्हा यायला सांगितलं. परीक्षा द्यायची की नाही हे तिचं तिला ठरवू द्या, म्हणाल्या. बाप फोशानहून रात्रीच्या गाडीने आला. तो पोरीशेजारी बसून शेंगा सोलत राहिला आणि एकेक दाणा तिच्या पुढ्यात ठेवत राहिला.

आलिन म्हणाली, जाते परीक्षेला. कुणी आग्रह केला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी आमचं शालिंग कसं असतं ते बघण्यासारखं असतं. चौकात पोलीस उभे राहतात, हॉर्न वाजवू देत नाहीत. बांधकामं बंद. बागेत गाणी लावून व्यायामाला नाचणाऱ्या म्हाताऱ्या आपापले कर्णे घरी ठेवतात. बदकं पाळणाऱ्यांना बदकं लांब न्यायला सांगतात. पोरांना प्रश्न नीट ऐकू यावेत म्हणून सगळं गाव श्वास रोखून असतं. त्या शांततेत, भल्या सकाळी, गल्लीतून फटाक फटाक आवाज आला. मेइजुआन जुन्या प्लॅस्टिकच्या चपला घालून पोरीला फाटकापर्यंत पोचवायला चालली होती. पोलिसाने डोळे वटारले. आलिन खाली मान घालून चालत होती आणि तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला होता. युएशानच्या आईने ते खिडकीतून पाहिलं. तिने युएशानला विचारलं, तुला बरं वाटतंय ना रे? तो इतका दचकला की तिलाच वाईट वाटलं.

मार्क? नेहमीपेक्षा कमी पडले. गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायच्या प्रश्नात ती मध्येच थांबली, नीट विचार केला आणि मग बोलली, आणि मशीनने थांबण्याचे मार्क कापले. फान सर पुढच्या पालकसभेत उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की रेकॉर्डिंग गटावर टाकणं आजपासून बंद, कारण मी ती ऐकत नव्हतो. एवढंच बोलून ते खाली बसले. घरी जाताना आया हळू चालत होत्या.

आलिन जूनच्या परीक्षेला बसली, मध्यम मार्कांनी पास झाली. अजून औषध चालू आहे. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. जात नाहीत त्या दिवशी ती आता घरच्या बोलीत सांगते, आणि आई हातातलं काम खाली ठेवते.

मंडळी, आपण काही वाईट माणसं नाही. आपल्या पोरांना ऐकू यावं म्हणून आपण अख्खं गाव गप्प करतो, बदकंसुद्धा गप्प करतो. पण त्या पोरांचं ऐकावं म्हणून आपण कधी गप्प बसलो का? मार्क नंतरही बघता येतात, कॉलेज वर्षभर थांबतं, परीक्षा दरसाल येते. जेवताना पोर काही बोलत असेल, कुठल्याही भाषेत, कुठल्याही सुरात, तर फोन खाली ठेवा आणि ऐका. कळलं नाही तर विचारा. आणि ते मध्येच थांबलं तर घाई करू नका, तुम्हीही थांबा. "परीक्षेनंतर बोलू" हे वाक्य मात्र आजपासून घरातून काढून टाका. आमच्या गल्लीची पाटी अजून तिथेच आहे, पण तिच्याखाली लुओ बाईंनी खडूने एक ओळ लिहिली आहे आणि पावसाने पुसली की त्या पुन्हा लिहितात, 'पोरं बोलत असतील तर उत्तर द्यावे.'